कृष्णविवर : एका गैरसमजाचे निरसन

वरच्या वर्गांत कृष्णविवराचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “गुरुजी, ते आपल्या पृथ्वीलाही गिळील काय?” हा प्रश्न शिक्षकबंधुभगिनींनी हसून टाळू नये. कृष्णविवर सर्व काही ओढून घेते, अशी भीती त्यामागे असते. ती दूर करण्याची हीच संधी होय.

ज्याच्या सीमेतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही, ते कृष्णविवर. सूर्याचे सर्व द्रव्य सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोलात कोंबले, तर त्याचे कृष्णविवर होईल. तरीही पृथ्वी त्यात पडणार नाही. वस्तुमान व अंतर तेच राहिल्यामुळे ती पूर्वीच्याच कक्षेत फिरत राहील. उजेड व ऊब मात्र नाहीशी होईल.

मग द्रव्य आत जाते कसे? हंस तारकासमूहातील ‘हंस क्ष-१’ हे उदाहरण घ्यावे. तेथून येणारे क्ष-किरण १९६४ साली अग्निबाणावरील उपकरणांनी प्रथम टिपले. तेथे सुमारे २१ सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर व एक प्रचंड निळा तारा ५.६ दिवसांत परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करतात. ताऱ्यावरून निघालेला काही वायू विवराकडे ओढला जातो. परंतु तो मुळात फिरता असल्यामुळे सरळ आत न पडता विवराभोवती तबकडीच्या आकारात फिरू लागतो.

हे वर्गात दाखविता येते. वेळूच्या पोकळ नळीतून दोरी ओवून तिच्या टोकास चिंध्यांचा चेंडू बांधावा व तो गरगर फिरवावा. खालून दोरी ओढताच चेंडू जवळ येतो, पण अधिकच वेगाने फिरतो. फिरत्या वस्तूस केंद्राकडे जाणे सोपे नसते, हे मुलांच्या ध्यानी येईल.

तबकडीतील आतले थर वेगाने व बाहेरचे सावकाश फिरतात. त्यांच्या परस्पर ओढाताणीत, मुख्यतः चुंबकीय बलांमुळे, आतील वायूचा कोनीय संवेग बाहेर जातो आणि वायू हळूहळू आत सरकतो. या क्रियेत तो लक्षावधी अंश तापून क्ष-किरण फेकतो. हे किरण सीमेच्या बाहेरूनच येतात. म्हणून काळ्या विवराचा पत्ता आपणांस लागतो.

तेव्हा त्या विद्यार्थ्यास निःशंकपणे सांगावे, “बाळ, हंस क्ष-१ सुमारे ७,००० प्रकाशवर्षे दूर आहे. पृथ्वीला त्याचे भय नाही.”