‘साथ कुणी आणली?’ याआधी विचारायचे प्रश्न

गावात ताप-पुरळाचे रुग्ण वाढले की चौकशी एकाच वाटेने जाते: बाहेरून कोण आले होते? ऊसतोडीहून परतलेले एखादे कुटुंब सापडते आणि अहवालाचा रकाना भरतो. माझ्या मते रुबेलाच्या साथीत ही वाट फार लांब जात नाही. लागण झाल्यावर पुरळ उठायला दोन-तीन आठवडे जातात, पुरळाच्या आधी आठवडाभर रुग्ण संसर्ग पसरवत असतो आणि अनेकांच्या अंगावर पुरळ उठतही नाही. त्यामुळे ‘पहिला रुग्ण’ म्हणजे बहुधा आपल्याला दिसलेला पहिला रुग्ण. विषाणू कुठून तरी येणारच. त्याला एकाच जागी इतकी असुरक्षित माणसे का मिळाली, हे शोधायचे. मात्र गोवर, डेंग्यूतही पुरळ येते, म्हणून आधी रक्ततपासणीने निदान पक्के करावे. पुरळानंतर पहिल्या तीन-चार दिवसांतला नमुना निगेटिव्ह आला, तर तेवढ्यावर रुबेला नाही असे ठरवू नये.

मग रुग्णांची वयवार यादी करावी. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ती ९ महिने ते १५ वर्षे वयासाठी. रुग्ण तान्ही-रांगती असतील तर उपकेंद्राची नियमित सत्रे चुकली आहेत. त्या मोहिमेच्या वयातले असतील तर तेव्हा कोणती वाडी राहिली ते पाहावे. त्याहून मोठे असतील तर मोहीम त्यांच्यासाठी नव्हतीच. तीन कारणे, तीन वेगळे उपाय.

‘रजिस्टरप्रमाणे लसीकरण पूर्ण आहे’ या उत्तरावर थांबू नये. नोंद न झालेले मूल टक्केवारीत मोजलेच जात नाही. हंगामात गाव सोडणाऱ्यांची मुले अशीच सुटतात. म्हणजे ज्यांच्यावर साथीचा ठपका येतो, त्यांनाच अनेकदा लस मिळालेली नसते. घरोघरी कार्ड पाहणे हाच खरा पुरावा. ‘लस घेतलेल्यांनाही झाला’ हा आक्षेप हिशेबाने तपासावा. समजा, १०० मुलांत ९० जणांनी लस घेतली आणि दोन्ही गटांत पाच-पाच रुग्ण निघाले. निम्मे रुग्ण लस घेतलेले दिसतात. पण प्रमाण एकीकडे अठरांत एक, दुसरीकडे दोघांत एक. लस निकामी नाही, हेच यातून दिसते.

उरतो शेवटचा आक्षेप: आजार सौम्य, मग एवढा खटाटोप कशाला? मुलांसाठी तो बहुधा सौम्यच. पण गर्भधारणेच्या पहिल्या १२ आठवड्यांत आईला लागण झाली तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष होण्याचा धोका ९० टक्क्यांपर्यंत जातो. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने १९४१ मध्ये हा संबंध दाखवला. अर्धवट लसीकरणही पुरत नाही: ग्रीसमध्ये कमी प्रमाणात लस दिल्याने आजार मोठ्या वयाकडे सरकला आणि १९९३ च्या साथीनंतर अशी बाळे जन्मली. म्हणून तपासाच्या पहिल्याच दिवशी आशाताईंकडून गरोदर स्त्रियांची यादी घ्यावी. त्यांना लस देता येत नाही. रुग्णांपासून दूर ठेवणे, संपर्क आला असल्यास रक्त तपासणे आणि बाळंतपणानंतर बाळाचे डोळे, कान, हृदय तपासून घेणे, एवढे मात्र करता येते. साथ ओसरली तरी ही शेवटची तपासणी होईपर्यंत अहवाल बंद करू नये.