गोचिडाचा ताप : जनावराचा आणि माणसाचाही



गोठ्यात गेलो की बैलाच्या कानामागे, मानेखाली, गाईच्या सडाजवळ हात फिरवायचा आणि सापडेल ती गोचीड ओढून दोन बोटांत चिरडायची, ही आपल्या घरोघरची रीत आहे. मग हात धोतराला पुसायचा की झाले! "त्यात काय एवढं? बापजाद्यापासून हेच चाललंय," असे कोणीही म्हणेल. पण या साध्या कामातून माणसालाही ताप जडू शकतो आणि तो ओळखायला उशीर झाला तर जिवावर बेततो. म्हणून या अंकात त्याची माहिती देत आहोत.

एक नाव, दोन दुखणी

'गोचीड ताप' म्हटले की आपल्याला गाय आठवते. संकरित गाईला थायलेरिया होतो, बबेसियात लघवी लाल होते. ही दुखणी एकपेशीय परजीवींमुळे होतात. ॲनाप्लाझ्मा हा जनावराचा गोचीड ताप मात्र जिवाणूचा आहे. तिन्हींची औषधे वेगवेगळी, म्हणून रक्त तपासल्याशिवाय अंदाजाने सुई टोचून घेऊ नये. गाईची ही दुखणी सहसा माणसाला लागत नाहीत.

माणसाच्या गोचीड तापाचा जिवाणू निराळा, त्याचे नाव रिकेट्सिया. अमेरिकेत डॉ. हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ च्या सुमारास असा एक ताप गोचिडीमुळे पसरतो हे सिद्ध केले. पुढे १९१० साली मेक्सिकोत टायफस तापाचा अभ्यास करताना त्याच तापाने त्यांचा मृत्यू झाला. जिवाणूला नाव त्यांचेच मिळाले. आपल्या देशात हा ताप विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे आणि महाराष्ट्रातही त्याचे रुग्ण सापडतात.

प्रसार कसा होतो?

हा जिवाणू कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीत आणि रानातल्या, जनावरांवरच्या काही गोचिडींत राहतो. गोचिडीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे पिल्लू जन्मतःच रोग घेऊन येऊ शकते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात, कात टाकली की आठ होतात. ही पिल्ले खसखशीएवढी असल्याने चावलेली कळतही नाहीत. चावा दुखत नाही, म्हणून "मला काही चावलंच नाही" असे रोगी खुशाल सांगतो.

गोचीड अंगाला चिकटून काही तास रक्त पीत राहिली म्हणजे रोग अंगात शिरतो. चिरडलेल्या गोचिडीचा रस जखमेला किंवा डोळ्याला लागला तरी धोका आहे. माणसापासून माणसाला मात्र हा ताप लागत नाही. तेव्हा रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

लक्षणे

चावल्यापासून साधारण एका आठवड्यात एकदम जोराचा ताप येतो. डोके ठणकते, अंग मोडून येते. तीन ते पाच दिवसांनी मनगट, घोटे, हातापायांवर लाल पुरळ उठते आणि अंगभर पसरते. तळहात व तळपायावर पुरळ असेल तर ती मोठी खूण समजावी. सावळ्या अंगावर पुरळ पटकन दिसत नाही, काहींना उठतही नाही. क्वचित चाव्याच्या जागी काळी खपली धरते.

अंगावर काढले तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर परिणाम होतो. क्वचित बोटे काळी पडून झडतात.

याचाच चुलतभाऊ म्हणजे स्क्रब टायफस. तो गवतातल्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो. उंदीर आणि झुडूप असेल तिथे हा किडा असतो, आणि उसाच्या फडात उंदरांना काय तोटा? २०१८ साली नागपूर व विदर्भाच्या काही भागात त्याची साथ आली होती. काळी खपली यात अधिक आढळते.

उपचार

टायफस म्हणजे टायफॉईड नव्हे. नावे सारखी वाटतात, पण औषधे वेगळी. हा जिवाणू पेशीच्या आत दडून राहतो, त्यामुळे पेनिसिलीन व त्या जातीच्या औषधांना दाद देत नाही. डॉक्सिसायक्लीन हे साधे, स्वस्त औषध त्यावर लागू पडते. वेळेवर दिले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. लहान मुलांनाही डॉक्टर ते थोड्या दिवसांकरिता देतात. गरोदर बाईसाठी ॲझिथ्रोमायसीन वापरतात. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत आणि ताप उतरला म्हणून मध्येच सोडूही नयेत.

रक्ताच्या तपासणीत हा रोग पहिल्या आठवड्यात बरेचदा दिसत नाही. म्हणून डॉक्टर लक्षणांवरूनच औषध सुरू करतात. यासाठी आपण एक गोष्ट न विचारता सांगावी : "आमच्या घरी जनावरं, कुत्रं आहे. गोचीड अंगावर सापडली होती." या एका वाक्याने जीव वाचू शकतो.

सिंधुदुर्गात २०१६ पासून आढळलेला माकडतापही गोचिडीनेच पसरतो, पण तो विषाणूचा. त्यावर हे औषध चालत नाही.

काय करावे?

१. गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावी. अंगावरच्या गोचिडीला रॉकेल लावू नये, विडीचा चटका देऊ नये. नंतर जागा व हात साबणाने धुवावेत.

२. गोचीड अंडी घालते ती जनावरावर नव्हे, भिंतीच्या भेगांत. एकेक मादी हजारोंनी घालते. भेगा लिंपाव्यात, चुना द्यावा. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, जनावर आणि गोठा दोन्हीकडे मारावे.

३. राखणीचे कुत्रे विसरू नका. बैल स्वच्छ आणि कुत्रे गोचिडींनी भरलेले, असा कारभार उपयोगाचा नाही.

४. फडातून आल्यावर कपडे झटकावेत, आंघोळ करावी. पोरांच्या काखा, कानामागची जागा, केस पाहावेत.

शेवटी एक विनंती. आपला ऊस तोडणारी टोळी बैलांसह, लेकरांसह कोपीत राहते. बैल, कुत्रे, माणसे एका जागी. कोपीतले पोर तापाने फणफणले तर मुकादमाची वाट न पाहता त्याला दवाखान्यात पोचवावे. उसाला एक दिवस उशीर झाला तर उताऱ्यात थोडे कमी-जास्त होईल, पण या तापात गेलेला दिवस भरून काढता येत नाही.