चिनी येत नाही, खिसाही बेताचा

प्रश्न : आम्ही दोघे मित्र बीजिंग ते छंगदू स्वस्तात फिरणार आहोत. चिनी अजिबात येत नाही आणि मी शाकाहारी आहे. जमेल का?

उत्तर : जमेल, पण तयारी घरूनच करा. तिथे गूगल, व्हॉट्सअ‍ॅप बंद असतात; भारतीय सिमच्या रोमिंगवर ती बहुधा चालतात. भाषांतराचं अ‍ॅप ऑफलाइन भाषेसह आधीच उतरवून घ्या. अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा क्यूआरच पुढे करतो. थोडे युआन मात्र खिशात हवेतच. रात्रीच्या गाडीत ‘हार्ड स्लीपर’ घ्या: नाव भयंकर, प्रत्यक्षात आपल्या थ्री-टियरसारखे तीन बर्थ, आणि एका रात्रीचं हॉटेलभाडं वाचतं. तिकीट पासपोर्टवरच निघतं. एका शहरात अनेक स्टेशनं असतात, नाव नीट जुळवा.

खरी कसोटी जेवणाची. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. भाजीत डुकराची चरबी, मापो टोफूत खिमा असतो. मांस, मासे, चरबी, रस्सा काहीच नको, असं चिनी लिपीत लिहून घ्या. बौद्ध मंदिरांजवळ शाकाहारी खाणावळी मिळतात. हॉटेलचा पत्ताही चिनी लिपीतच ठेवा. टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता दाखवून उपयोग नाही.