राउटर वारंवार बंद पडतो तेव्हा

वाराणसीसमोर, गंगेच्या पूर्व तीरावर, रामनगरचा किल्ला आहे. तेथील संग्रहालयात एक मोठे खगोलीय घड्याळ ठेविलेले आहे. त्याच्यापुढे उभे राहून एक प्रश्न मनाशी विचारावा : बारा, चार आणि आठ यांत सर्वांत नंतरची वेळ कोणती? बारानंतर चार वाजतात, चारनंतर आठ, आणि आठनंतर पुन्हा बारा. तबकडीवर या प्रश्नाला उत्तरच नाही.

याच कोड्याने 27 ऑक्टोबर 1980 रोजी अमेरिकेतील ‘आर्पानेट’ हे संगणकजाल सुमारे चार तास निकामी केले. आजच्या इंटरनेटचा उगम या जालातून झाला. संदेशांना वाट दाखविण्याचे जे काम आज राउटर करतो, ते तेथे ‘इम्प’ नावाची यंत्रे करीत. प्रत्येक यंत्र आपल्या तारांची खबर इतरांस कळवी. खबरीवर 0 ते 63 यांपैकी क्रमांक असे. 63 नंतर पुन्हा 0. दोन क्रमांकांतील अंतर 32 किंवा कमी असल्यास मोठा क्रमांक नवा, अधिक असल्यास लहान क्रमांक नवा, असा नियम होता. नवी खबर ठेवून शेजाऱ्यांस द्यावयाची, जुनी टाकून द्यावयाची.

त्या दिवशी एकाच यंत्राच्या तीन खबरी जालात फिरू लागल्या : 8, 40 आणि 44. 8 पेक्षा 40 नवी, 40 पेक्षा 44 नवी; आणि 44 व 8 यांतील अंतर 36, म्हणून 44 पेक्षा 8 नवी! सर्व यंत्रे या तीन खबरींच्या फेऱ्यात गुंतली व इतर कामे खोळंबली. एखादे यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, तरी शेजारी त्याच खबरी पुन्हा त्याच्या हाती देत.

अभियंत्यांनी काही यंत्रांच्या स्मृतीची त्या स्थितीतील नक्कल काढून वाचली. द्विमान पद्धतीत 44 म्हणजे 101100. त्यातील एक 1 गळाला की 101000, म्हणजे 40. आणखी एक गळाला की 001000, म्हणजे 8. एका यंत्राची स्मृती अंक गाळीत होती. तारेवरील चुका पकडण्याची तजवीज होती. स्मृतीतील चुकांसाठी नव्हती. त्या खबरींकडे दुर्लक्ष करण्याची तात्पुरती आज्ञा सर्व यंत्रांत घालून जाल सावरण्यात आले. दोष यंत्राचा खरा. पण मिळेल तो क्रमांक निमूटपणे मानणाऱ्या आज्ञावलीकडे मोठा वाटा जातो, असे आम्हांस वाटते.

राउटरमध्ये कायम वसणाऱ्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. शाळेतील राउटर वारंवार बंद पडला की तिच्यावर ठपका ठेवणे सोपे असते. त्यापूर्वी आठवडाभर एका वहीत नोंद करावी : किती वाजता बंद पडला, किती संगणक जोडलेले होते, पेटी किती तापली होती, वीज गेली होती काय. नंतर तितक्याच व्होल्टचा व पुरेशा क्षमतेचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. पेटी बंद कपाटातून बाहेर काढावी. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कशामुळे गुण आला ते कळत नाही.

एखादी ठरावीक कृती करताच राउटर बंद पडत असेल, आणि त्याच आवृत्तीचा दुसरा राउटरही तसाच वागत असेल, तर फर्मवेअरवरील संशय बळावतो. राउटरमधील घटनांची नोंद पुन्हा चालू करण्यापूर्वीच उतरवून घ्यावी, कारण पुष्कळ राउटरांत ती वीज जाताच पुसली जाते. नवी आवृत्ती उत्पादकाकडूनच, नेमक्या त्याच नमुन्याची घ्यावी, आणि ती भरली जात असता वीज तोडू नये.