विजेचे इवलेसे कोठार

पुणे जिल्ह्यात इंद्रायणीच्या काठी, आळंदीच्या शेजारी, चऱ्होली हे जुने गाव वसलेले आहे. पूर्वी येथील दिवस बैलांच्या घुंगरांच्या नादाने उगवत असे. आज तो मोटारसायकलींच्या आवाजाने उगवतो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या या गावातून भोसरी, चाकण येथील कारखान्यांत जाणारे कामगार पहाटेच घराबाहेर पडतात. पहिली पाळी चुकली, तर रोजंदारीवरील माणसाची दिवसाची कमाई बुडते. अशा घरात मोटारसायकल ही चैनीची वस्तू नसते. शेतकऱ्याला जसा बैल, तशी कामगाराला ती गाडी.

२५ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली. कारखाने बंद पडले, रस्ते ओस पडले आणि गाड्या अंगणात आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या. पुढे कारखान्यांची दारे हळूहळू उघडू लागली. कामगारांनी किल्ली फिरवली, बटण दाबले. परंतु कित्येक गाड्यांतून नुसता 'टक् टक्' असा आवाज आला. टाकीत पेट्रोल होते, चाकांत हवा होती, मग उणे काय होते? बॅटरी उतरली होती. जुन्या गाड्या पायाने किक मारून सुरू करता येत. नव्या पुष्कळ गाड्यांना किकच नसते. बॅटरीत वीज नाही, तर असली गाडी जागची हलत नाही. आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

हा आड मोठा विलक्षण आहे. मोटारसायकलीची नेहमीची बॅटरी म्हणजे प्लॅस्टिकची एक छोटी पेटी. तिच्यात सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या जाळीदार पट्ट्या गंधकाम्ल मिसळलेल्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या असतात. एक कप्पा सुमारे २ व्होल्ट दाब देतो. सहा कप्पे मिळून १२ व्होल्ट होतात. पुन्हा पुन्हा भरता येणारी अशी शिशाची बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रथम तयार केली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही.

बॅटरी वीज देऊ लागली, की द्रवातील आम्ल शिशाशी संयोग पावते आणि पट्ट्यांवर लेड सल्फेट नावाचा पदार्थ साचतो. आम्ल कमी होऊन द्रव पातळ होत जातो. बाहेरून वीज दिली, की हीच क्रिया उलट फिरते. आम्ल पुन्हा द्रवात येते आणि बॅटरी भरते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रव पाण्याच्या सुमारे १.२७ पट जड असतो. म्हणून जाणता कारागीर हायड्रोमीटर द्रवात बुडवून बॅटरीची प्रकृती सांगू शकतो. व्होल्टमीटर लावला, तर भरलेली बॅटरी विश्रांतीच्या वेळी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी उतरलेली समजावी.

गाडी चालू असताना तिचे इंजिनच बॅटरी भरत राहते. गाडी उभी राहिली, की भरणे थांबते. झिरपणे मात्र थांबत नाही. भरल्या रांजणातूनही पाणी जसे पाझरते, तशी न वापरलेल्या बॅटरीतील वीज आतल्या आत खर्ची पडते. उन्हाळ्यात हा पाझर अधिक वाढतो. गाडीतील घड्याळासारखे उपकरणही थेंब थेंब वीज पीत असते. बॅटरी फार दिवस उतरलेली राहिली, तर पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे कठीण खडे बनतात. ते मग विजेला दाद देत नाहीत आणि बॅटरी कायमची निकामी होते. म्हणून गाडी उभी ठेवायची झाल्यास महिन्यातून एकदा तरी बॅटरी चार्ज करावी.

घरी बॅटरी चार्ज करता येते. परंतु ते मोठ्या माणसांचे काम आहे, आणि त्यांनीही ते नियमाने करायचे असते. एकेका नियमामागचे कारण समजले, म्हणजे नियम ओझे वाटत नाही.

पहिला नियम जागेचा. चार्ज होताना, विशेषतः बॅटरी भरत आली म्हणजे, तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात. हायड्रोजन अत्यंत ज्वालाग्राही आहे. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले, तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. म्हणून बॅटरी मोकळ्या, हवेशीर जागी चार्ज करावी. स्वयंपाकघर, देवघरातील समईची जागा आणि दारे-खिडक्या लावलेली खोली या जागा वर्ज्य होत. जवळपास कोणी काडी ओढू नये, विडी पेटवू नये.

दुसरा नियम क्रमाचा. बॅटरी गाडीतून काढताना ऋण टोकाची वायर आधी सोडवावी आणि धन टोकाची मागून. बसवताना धन आधी, ऋण शेवटी. गाडीचा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक आधी सोडवू गेल्यास हातातील पाना सांगाड्याला टेकून मोठी ठिणगी उडते. याच कारणाने हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे.

तिसरा नियम चार्जरचा. चार्जरचे बटण बंद असतानाच त्याची लाल क्लिप धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला लावावी, मगच बटण चालू करावे. काम आटोपल्यावर आधी बटण बंद करावे, मग क्लिपा काढाव्यात. चालू विजेत क्लिप ओढली, की ठिणगी उडते, आणि वायू तर तेथेच साचलेला असतो.

चौथा नियम मापाचा. ५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असेल, तर तिला सुमारे अर्धा ॲम्पिअर, म्हणजे क्षमतेच्या एक दशांश इतकाच प्रवाह द्यावा. पूर्ण उतरलेली बॅटरी अशा रीतीने भरण्यास दहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. वेळ वाचवण्यासाठी मोटारीचा जोरकस चार्जर तिला लावणे हा अविचार होय. बॅटरी तापते, द्रव उकळू लागतो, पट्ट्या वाकतात. उपासामुळे बॅटरी मरते, तशी अतिरेकानेही मरते. अति तेथे माती! भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर म्हणूनच चांगला. तरीही बॅटरीला हात लावून पाहावा. ती तापू लागली, तर चार्जर तत्काळ बंद करावा.

बॅटरीची निगा सोपी आहे. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीच्या पेटीवर वरची आणि खालची अशा दोन रेषा असतात. द्रव खालच्या रेषेशी आला, तर त्यात केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांचा नाश करतात. उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून वरून आम्ल कधीही घालू नये. पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे आणि चार्जिंग झाल्यावर वरच्या रेषेपर्यंत भरावे. टोकांवर साचलेली पांढरी पूड हातमोजे घालून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, टोके कोरडी करावीत आणि त्यांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. मोहोरबंद बॅटरी मात्र उघडण्याचा प्रयत्न करू नये. तिला पाणी लागत नाही. काही नव्या गाड्यांत लिथियमची बॅटरी असते. तिला तिचाच चार्जर लागतो.

एवढी काळजी घेऊनही आम्ल अंगावर उडाले, तर भिऊन वेळ दवडू नये. ती जागा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे पाण्याची धार सोडावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. डोळे चोळणे घातक ठरते.

शेवटी प्रत्येक बॅटरीचे आयुष्य संपते. तेव्हाही तिच्यातील शिसे आणि आम्ल संपलेले नसते. आम्ल गटारात ओतले, तर ते वाहत वाहत नदीकडे जाते. चऱ्होलीत ती नदी म्हणजे वारकऱ्यांची इंद्रायणी! शिशाचे विष तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. म्हणून जुनी बॅटरी फोडू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. ती विक्रेत्याकडे परत करावी. भारत सरकारने २०२२ मध्ये केलेल्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ते शिसे वितळवून नव्या बॅटऱ्यांसाठी वापरता येते.

पहाटेच्या अंधारात चऱ्होलीचा कामगार बटण दाबतो आणि गाडी एका क्षणात जागी होते. त्या क्षणी त्याला बॅटरीची आठवणही होत नाही. घरासाठी अबोलपणे राबणाऱ्यांचे असेच असते. त्यांची आठवण ते थकल्यावर होते. जे आपल्या उपयोगी पडते, त्याची विचारपूस ते थकण्याआधी करावी, यातच खरे शहाणपण आहे.

शब्दार्थ

पाळी – कारखान्यातील कामाची ठरलेली वेळ
पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे
गंधकाम्ल – सल्फ्युरिक ॲसिड
विघटन – घटक वेगळे होणे
ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारे
वर्ज्य – टाळण्याजोगे
मोहोरबंद – कायमचे बंद केलेले

स्वाध्याय

१. टाळेबंदीनंतर कित्येक गाड्या सुरू का झाल्या नाहीत?
२. कारणे लिहा : (अ) बॅटरी बंद खोलीत चार्ज करू नये. (आ) बॅटरीत विहिरीचे पाणी घालू नये. (इ) बॅटरी काढताना ऋण टोकाची वायर आधी सोडवावी.
३. 'उपासामुळे बॅटरी मरते, तशी अतिरेकानेही मरते,' हे विधान स्पष्ट करा.
४. पुढील म्हणींचा वाक्यांत उपयोग करा : आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार, अति तेथे माती.
५. तुमच्या घरातील अबोलपणे राबणाऱ्या एखाद्या वस्तूविषयी आठ-दहा ओळी लिहा.