भेटीला आलेल्या बाटल्या

अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. फळं येतात, शहाळी येतात आणि हल्ली बाटल्याही येतात. पुण्याच्या मावसबहिणीने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणल्या, अमेरिकेहून आलेल्या भाच्याने व्हिटॅमिन ईचा भलामोठा डबा दिला, शेजारच्या काकूंनी अर्जुनाच्या सालीची पूड पाठवली. व्याह्यांनी फोनवर दुधीचा रस सांगितला, रोज अनशापोटी एक पेला. सगळ्यांचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्या फेरतपासणीला माझ्या हृदयरोगतज्ज्ञांनी एक काम सांगितलं, ते प्रत्येक हृदयरोग्याने करावं असं आहे. घरातल्या गोळ्या, पुड्या, रस, काढे, जे जे पोटात जातं ते सगळं एका पिशवीत घालून दाखवायला न्यायचं.

या पिशवीचं महत्त्व मला दवाखान्यात गेल्या गेल्याच कळलं होतं. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. पहाटे जबडा आणि पाठ आवळल्यासारखी झाली, थंड घाम फुटला, मळमळायला लागलं. छातीत कळ अशी नव्हतीच. घरात एकमत झालं की हे पित्त, रात्रीचं जेवण उशिरा झालं होतं. सुनेने मात्र कोणाचं न ऐकता १०८ ला फोन लावला. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये हृदयविकाराचा झटका असा आडवाटेने येऊ शकतो. जबडा, पाठ, खांदा दुखतो, दम लागतो, एकदम गळून गेल्यासारखं होतं. अशा वेळी जेलुसिल घेऊन वाट बघत बसू नका, ईसीजी काढा. तो काढायला पाच मिनिटं पुरतात.

तर, तातडीच्या विभागात ईसीजी झाला, ट्रोपोनिनसाठी रक्त घेतलं आणि तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने विचारलं, "काकू, केसांसाठी काही गोळ्या घेता का?" मला वाटलं, एवढ्या गडबडीत हिला माझी विरळ वेणी दिसली! पण प्रश्न कामाचा होता. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं. शरीराला रोज साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅमपर्यंत भरलेलं असतं. त्याने शरीराला फारसा त्रास होत नाही, पण रक्ततपासणीच्या काही किटमध्ये ते गोंधळ घालतं. हृदयाला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं ट्रोपोनिन त्यामुळे खोटंच कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मी गोळ्या घेत होते, तसं सांगितलं. मग त्यांनी एका आकड्यावर न विसंबता ईसीजी पुन्हा काढला, इको केला, आणि सकाळ व्हायच्या आत माझ्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला होता.

आता भाच्याच्या डब्याकडे वळते. व्हिटॅमिन ई हृदयाला चांगलं, ही समजूत माझ्या तरुणपणापासून ऐकत आले. ती पडताळण्यासाठी 'होप' नावाची मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई आणि बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी साडेचार वर्षं दिली. २००० साली निकाल आला. झटके, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक नव्हता. पुढे त्याच लोकांवर लक्ष ठेवलं तेव्हा व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हृदय कमकुवत होण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं. त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटिन देऊन पाहिलं, तर त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. गाजरात असतं तेच हे द्रव्य, पण गाजर खाऊन असं काही होत नाही. व्हिटॅमिन डी आणि माशाच्या तेलाची पंचवीस हजारांहून अधिक अमेरिकनांवर चाचणी झाली. हृदयविकाराचे मोठे आघात टाळण्यात दोन्ही नापास झाली. शिवाय ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असताना माशाच्या तेलाच्या नाहीतर लसणाच्या कॅप्सूल परस्पर घेतल्या, तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढू शकतो.

याचा अर्थ व्हिटॅमिनं निरुपयोगी असा नाही. शाकाहारी घरात बी१२ ची कमतरता सर्रास आढळते, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनमुळेही ती होते. कमी असेल तर भरून काढायलाच हवी, नाहीतर मुंग्या, थकवा, विसराळूपणा मागे लागतो. मात्र ते कमतरतेवरचं औषध झालं, हृदयाचं कवच नव्हे. डीचंही तसंच. साठ हजार युनिटची ती पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक, अशी काही आठवडे देतात. आमच्या ओळखीतले एक आजोबा ती रोज दुधातून घेत होते, कारण 'व्हिटॅमिनच तर आहे'. रक्तातलं कॅल्शियम इतकं चढलं की उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम असं होऊन मूत्रपिंडापर्यंत प्रकरण गेलं. डी शरीरात साठून राहतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. म्हणून आधी रक्ततपासणी, मग पुडी.

व्याह्यांच्या रसाबद्दल जरा जपून लिहिते, कारण महाराष्ट्रात घरोघरी तो घेतात. दुधी भाजी म्हणून उत्तम. पण एखादा दुधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. असा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या, रक्तदाब कोसळल्याच्या आणि माणसं दगावल्याच्या घटना आपल्याकडे झाल्या आहेत. त्या पाहून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. कडू लागलेला रस थुंकून टाका, 'औषध कडूच असतं' म्हणून घोटू नका. कच्ची फोड आधी जिभेला लावून बघायची आपल्या आज्यांची सवय शहाणी होती.

हृदयाची झडप बदलल्यामुळे ज्यांना ॲसिट्रॉमसारखी गोळी चालू आहे, त्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं. त्यांतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. आठवडाभर पालक नाही आणि मग एकदम हिरवा ज्यूस सुरू, असं केलं की रक्ताचं गणित बिघडतं.

खरा बदल झाला तो आमच्या स्वयंपाकघरात. आम्ही कोल्हापूरचे, तेव्हा तेलाचा विषय निघाला की घरात शांतता पसरते. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपायचा. आहारतज्ज्ञ बाईंनी माणशी अर्धा लिटरचा हिशेब दिला, म्हणजे दोन लिटर. फोडणी चमच्याने मोजून, भजी सणाला आणि तळणीचं उरलेलं तेल पुन्हा वापरायचं नाही. चहाबरोबरची खारी-नानकटाई बंद केली. २०२२ पासून तेल-वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे दोन टक्क्यांची मर्यादा आली, ते बरंच झालं, पण खारीतला मैदा आणि मीठ कुठे गेलं?

मिठाचं प्रकरण तेलाहून अवघड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आमटी-भाजीतलं मीठ कमी करणं त्या मानाने सोपं. खरं मीठ पापड, लोणचं, ठेचा, फरसाण आणि सुक्या बोंबलात असतं. आमच्याकडे लोणच्याची बरणी टेबलावरून फडताळात गेली, एवढ्यानेच निम्मं काम झालं. चव राहावी म्हणून लिंबू, कोकम, ओलं खोबरं, जिऱ्याची पूड वापरते. कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. चीनच्या खेड्यांत जवळजवळ एकवीस हजार लोकांवर ते वापरून पाहिलं, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय ते आणू नका. वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं.

बाकी ताट आपलंच. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, एक पालेभाजी, जवसाची चटणी, खाणाऱ्यांसाठी बांगडा किंवा तारली, तीही तव्यावर. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मी सोडली आणि त्याबद्दल सासूबाईंचा राग अजून गेलेला नाही.

मी बारीक अंगाची, त्यामुळे मला हृदयविकार होईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ब्रिटनच्या डॉ. यडकिन यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो छापला होता. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. चरबी मात्र यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडची बारीक दिसणारी माणसंही आतून अशी असू शकतात. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप खरं बोलते. कंबर बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी. दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही धाकट्यांना सांगून ठेवा.

व्यायामात मी काही मोठं करत नाही. १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. मॉरिस यांनी दुमजली बसच्या माणसांचा अभ्यास केला. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार बराच कमी होता. पगार आणि वस्ती साधारण सारखी, फरक जिन्याचा. मी आठवड्यातले पाच दिवस रंकाळ्याकाठी अर्धा तास भरभर चालते. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम. जेवून लगेच चालायचं नाही, कडाक्याच्या थंडीत ऊन पडेपर्यंत थांबायचं. छातीत दाब आला तर तिथेच बसायचं आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची. दहा मिनिटांत उतरलं नाही तर १०८. (रंकाळ्यावर चालायला येऊन भेळ खाऊन परतणारा एक मोठा वर्ग आहे. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही, त्यात माझे यजमानही आहेत.)

एक गोष्ट मात्र सवलतीत बसत नाही. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दाढ काढायची असली तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. 'आता चालते, पथ्य पाळते, मग गोळी कशाला' हा विचार मलाही सुचवला गेला, तोही बाटली घेऊन आलेल्या पाहुण्यांकडूनच.

आणि तांबडा रस्सा? होतो, महिन्यातून एखाद्या रविवारी. मटण आदल्या दिवशी शिजवून आळणी फ्रीजमध्ये ठेवते. सकाळी वर चरबीचा पांढरा थर घट्ट बसलेला असतो, तो उचलून टाकते आणि मग मोजून तेलात मसाला परतते. कट कमी दिसतो म्हणून मुलगा कुरकुरतो, पण वाटी दुसऱ्यांदा तोच पुढे करतो.