अपडाऊनची चित्रवही

बडनेरा ते अकोला हे अंतर रेल्वेने ऐंशी किलोमीटरच्या आसपास. नोकरीची बरीच वर्षं मी ते रोज दोनदा कापलं. आमच्याकडे याला 'अपडाऊन' म्हणतात. अपडाऊनवाल्याच्या हातात एक तर पत्ते असतात नाही तर मोबाईल. मला पत्त्यांत भिडू म्हणून कोणी घेईना, तेव्हा पेन्सिल हाती आली. पुढे खिशात मावेल अशी जलरंगांची डबी आली. मी चित्रकार नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या, बी ग्रेड मिळाली, तिथे माझं चित्रकलेचं शिक्षण संपलं. आता नोकरीही संपली, पण वही चालू आहे. "रोज कसं काय जमतं?" असं विचारणारे भेटतात, त्यांच्यासाठी हे थोडंसं.

१. चिखलदऱ्याची वाट पाहू नका

शाळेतलं निसर्गचित्र आठवून पाहा. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि तिच्या बाजूला नारळ. वऱ्हाडातल्या किती पोरांच्या परसात नारळ असतो? आमच्याकडे कडुनिंब, बाभूळ, बोर. पण जलरंगाची पुस्तकं पाहावीत तर त्यांत कोकणातल्या होड्या नाही तर काशीचे घाट. त्यामुळे इथल्या हौशी माणसाची ठाम समजूत असते की अमरावती-अकोल्यात काढण्यासारखं काही नाही, आणि मग तो "चिखलदऱ्याला गेलो की काढू" म्हणतो. चिखलदरा सुंदर आहे, वादच नाही. पण तिथं जाणं होतं वर्षाकाठी एकदा-दोनदा, आणि आपण बोलतोय रोजच्या चित्राबद्दल.

मी सुरुवात केली कूलरपासून. वऱ्हाडात खिडकी तिथं कूलर. लोखंडी घोडीवर टेकलेली पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या, आत ओलं गवत, तळाशी गंज, भिंतीवर पाणी झिरपून पडलेला ओघळ. पट्ट्यांच्या सावल्यांत पेन्सिलीचे गडद-फिके सगळे टप्पे सापडतात. गंजाला बर्न्ट सिएना जसाच्या तसा चालतो. पेटी तिरकी दिसत असली की यथार्थदर्शनाचा धडा आपोआप होतो. दिवाळीनंतर त्याच कूलरवर जुनी साडी किंवा प्लॅस्टिक गुंडाळतात, म्हणजे कापडाच्या चुण्यांचा अभ्यास. एकाच गल्लीत वर्षभराचे विषय निघतात.

२. वेळ घड्याळात नव्हे, स्टेशनांत मोजा

"रोज अर्धा तास" हा संकल्प मला कधी झेपला नाही. "कुरम ते माना" हा झेपला. कुरम सुटलं की वही उघडायची आणि माना आलं की मिटायची, चित्र जिथं असेल तिथं. कुरमला सुरू केलेलं मूर्तिजापूरपर्यंत घोळवत बसलं की त्याची माती होते.

धावत्या गाडीत रंगाच्या भानगडीत पडू नये. ४बीसारखी मऊ पेन्सिल घ्यावी, टोकापासून लांब धरावी आणि डबा हलवेल तशी रेघ हलू द्यावी. मॉडेल म्हणून पत्ते खेळणाऱ्यांना तोड नाही. डाव रंगला की वीस-वीस मिनिटं मान वर होत नाही. भिडू म्हणून ज्यांनी मला घेतलं नाही, त्या सगळ्यांची टकलं माझ्याकडे आहेत.

आता स्टेशनं नाहीत. म्हणून गॅसवर चहा चढवतो आणि तो उकळेपर्यंत काढतो. दूध उतू गेलं तर बोलणी खावी लागतात, तेवढी किंमत आहे.

३. कागद स्वस्तच बरा

महागडी वही कोणी भेट दिली तर जरूर घ्या आणि कपाटात ठेवा. तिच्यावर हात बुजतो. मी तीनशे जीएसएमचा बावीस बाय तीस इंचांचा पूर्ण ताव आणतो आणि घड्या घालून त्याचे सोळा तुकडे करतो. एक तुकडा साधारण साडेपाच बाय साडेसात इंच, म्हणजे तळहातावर मावणारा. नुसत्या पेन्सिलीसाठी साधी कार्ट्रिजची वही चालते. रंगही पाच-सहाच लागतात: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, क्रिमझन, गॅम्बोज, आणि हवा तर सॅप ग्रीन. काळा नको. त्याचं कारण पुढे येईलच.

४. कापूस काढायचा नसतो

माझ्या मते जलरंगाचा सगळ्यात मोठा धडा वऱ्हाडातल्या शेतातच आहे. दिवाळीच्या सुमाराला पऱ्हाटी फुटते. काळ्या जमिनीवर, वाळत चाललेल्या तपकिरी काड्यांवर पांढरी बोंडं. तेलरंगवाला वरून पांढरे ठिपके देऊन मोकळा होतो. जलरंग पारदर्शक, त्यात पांढरं म्हणजे खालचा कागद. पेटीत चायनीज व्हाइटची नळी असते खरी, पण ती वापरून केलेली बोंडं वाळल्यावर चुन्यासारखी मेलेली दिसतात.

मग करायचं काय? डोळे किलकिले करून शेताकडे पाहायचं. सगळी बोंडं दिसेनाशी होतात, पांढऱ्याचे पाच-सात पुंजके तेवढे उरतात. त्यांच्या कडा पेन्सिलीनं अगदी हलक्या आखून ठेवायच्या आणि बाकी सगळं रंगवायचं: मधली माती, काड्या, सुकलेली पानं, मागची तुरीची हिरवी ओळ. भोवतालचा गडदपणा पुरेसा झाला की कापूस आपोआप फुटतो. हात लावायचा नाही म्हणजे नाही. सगळ्यात कठीण तेच आहे, कारण ती पांढरी जागा शेवटपर्यंत अर्धवट राहिल्यासारखी खुपत राहते.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा धरून उभी असलेली साडीतली तरुणी, दिव्यावर आडवा धरलेला दुसरा हात आणि बोटांतून पाझरणारा उजेड. अनेकांना ते तेलरंगातलं वाटतं, पण ते जलरंगातलं आहे. अशा चित्रातला उजेड मागाहून आणून बसवता येत नाही. पहिला ब्रश टेकवण्याआधीच तो कुठं राखायचा हे ठरलेलं असावं लागतं. हळदणकर सावंतवाडीचे, पऱ्हाटी त्यांनी रंगवली असती तर काय बहार आली असती, असं मला उगाच वाटतं.

५. ऊन आणि पाणी

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आकाशाचा वॉश कागदाच्या डाव्या कडेला सुरू करावा तर ब्रश उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचं वाळलेलं असतं आणि मध्ये कडक रेघ उमटते. उपाय साधे आहेत. कागद मागूनही ओला करा आणि ओल्या फडक्यावर ठेवून रंगवा. ब्रश जाड घ्या. केमिस्टकडून ग्लिसरीन आणून रंगाच्या पाण्यात दोन-चार थेंब टाका, रंग जरा उशिरा वाळतो. आणि मुख्य म्हणजे सकाळी साडेसहाला बसा. नऊनंतर वऱ्हाडच्या उन्हात सावलीसुद्धा पांढरी दिसते. उन्हाळ्यातलं आकाश निळं रंगवूच नका, ते निळं नसतंच. यलो ऑकरचा अगदी पातळ हात फिरवला की झालं. श्रावणात उलटा त्रास: काही केल्या वाळतच नाही. ते दिवस पेन्सिलीचे.

पाणी घरून न्या. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट. त्यात रंग कालवला की कण गुठळतात आणि वॉश दाणेदार होतो. नितळ आकाशाचा त्यानं सत्यानाश होतो. मात्र दर्यापूरकडची भेगाळलेली जमीन काढायची असली तर मी तिथलंच पाणी मुद्दाम मागून घेतो. ओल्या रंगावर जाड मिठाचे चार खडे टाकायची युक्तीही जुनीच आहे: मीठ भोवतालचं पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर फिकट चांदण्या उरतात. खारपाणपट्टा मिठानं रंगवायचा, यात मला थोडी गंमतही वाटते.

६. काळी माती काळ्यानं होत नाही

नळीतला काळा लावला की चित्राला भोक पडतं. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळा. उन्हाळ्यात माती राखाडी, जरा जांभळट. निळा थोडा जास्त आणि पाणी भरपूर. मृगाचा पाऊस पडून गेला की तीच माती दाट तपकिरी. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे ढेकळं वेगळी काढावी लागत नाहीत.

७. बघे

अमरावतीचा परकोट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या भीतीनं बांधला गेला. जवाहर गेट, अंबागेट, खोलापुरी गेट ही नावं आता रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. जवाहर गेटपाशी मी वही काढून, हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत कमानीचं माप घेत होतो. बाजूच्या दुकानातून एक गृहस्थ लगबगीनं आले.

"काय मोजून राह्यले साहेब? आमचं दुकान जाते काय रस्त्यात?"

"नाही हो, चित्र काढतोय."

"कायच्यासाठी?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. "सहज" म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नसावा, पण अतिक्रमणवाला नाही एवढं पटल्यावर आतून स्टूल आलं. "बसा ना बाप्पा, उन्हात काहून उभे?" मग चहा आला. मग मागं पाच-सहा माणसं जमली आणि कमान सोडून सगळ्यांनी दुकानाचीच चर्चा केली. शेवटी मालकांनी वही हातात घेऊन निरखून पाहिली आणि म्हणाले, "बोर्डावरचा मोबाईल नंबर नाही काढला तुमी." तेव्हापासून पाट्यांवरची अक्षरं मी पुरती लिहितो. एलिमेंटरीतल्या अक्षरलेखनाचा एवढा एक उपयोग झाला.

बघ्यांना घाबरू नये. मात्र माणसं काढताना विचारून काढावं, शेतात वेचणीवर असलेल्या बायकांना तर नक्कीच. मी बहुधा पाठमोऱ्याच काढतो आणि पान दाखवतो. एका मावशींनी ते पाहून विचारलं होतं, "माहा चेहरा कुठी गेला?" पुढच्या पानावर तो काढावा लागला. नाक त्यांना पसंत पडलं नाही.

८. खाडा

पडतो. दुसऱ्या दिवशी दोन चित्रं काढून भरपाई करू नये. पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि गावाचं नाव घालावं, बस.

९. फोटोवरून नाही

मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे शकुंतला ही गाडी जायची, दोन फूट सहा इंचांच्या अरुंद रुळांवरून. तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. आता ती बंद आहे, आणि मी चित्रं काढतो हे कळलेले लोक हमखास इंजिनाचा फोटो आणून देतात: "हे काढून द्या ना." मी देत नाही. मी काढतो ते गवतात बुडालेले रूळ, कारण ते माझ्यासमोर आहेत. 'अर्बन स्केचर्स' ही जगभर पसरलेली मंडळी २००७ साली सिएटलच्या गाब्रिएल कॅम्पानारियो या पत्रकार-चित्रकारानं सुरू केली. त्यांचाही पहिला नियम जागेवर बसून काढण्याचाच. माझं कारण जरा स्वार्थी आहे: काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे फोटोत कॅमेऱ्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. रोज बसण्यातली खरी मजा तीच, ती दुसऱ्याला का द्यायची?

१०. कावडीकडून शिकलेलं

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक होतो. शिवभक्त गांधीग्रामहून रात्रभर चालत कावडी घेऊन येतात, काहींना शेकडो भरणे (पाण्याची भांडी) बांधलेले. हलती माणसं काढायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. एकाच माणसाच्या मागं लागलं की तो निघून जातो आणि पानावर अर्धा खांदा उरतो. पण ओझं सगळ्यांचं सारखं, म्हणून वाकणंही सारखं. आधी बांबूची रेघ ओढायची, तिच्याखाली पहिल्याचा खांदा, मागून येणाऱ्याचा पाय, तिसऱ्याची कमरेवर टेकलेली मूठ. माझ्या वहीतला कावडधारी असा चार-पाच जणांचा मिळून झालेला आहे, आणि तो कुणालाच ओळखू येत नाही.

११. पोरांना नारळ काढू देऊ नका

सुटीत आमच्या गल्लीतली मुलं येऊन बसतात. कागद दिला की पहिल्यांदा डोंगर, सूर्य, नारळ. मी एवढंच सांगतो की उठून खिडकीतून बाहेर बघा आणि दिसेल ते काढा. परवा चौथीतल्या एका पोरीनं आमचाच कूलर काढला. पट्ट्या मोजून बरोबर, घोडीचा एक पाय विटेवर टेकलेला, तोही बरोबर. पाणी मात्र तिनं कुठंच दाखवलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "आजोबा, तुमचा पंप बंद हाय ना."

पंप खरंच बंद होता. दुपारी मेकॅनिक बोलावला.